वॉर्डातली हळद

चंद्रभागेच्या पित्ताच्या नळीत अडकलेला खडा सुपारीएवढा आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हा, "कंची सुपारी? साधी का रोठा?"

डॉक्टर गोंधळले. मुंबईहून ठाण्याच्या या इस्पितळात आठवड्यातून दोन-तीनदा येणारा माणूस. त्यांना पोटातलं सगळं ठाऊक होतं, सुपारीतलं नव्हतं. चंद्रभागेची सून हेमा खाटेशेजारी उभी होती. तिने एक्स-रे उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "रोठा, आई. चांगला टपोरा."

"मग बरोबर हाय. येवढं दुखतंय ते उगाच नाय."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या मे महिन्यातली. चंद्रभागेचं पित्ताशय सहा वर्षांपूर्वीच काढून टाकलेलं होतं, तेव्हा पोटावर वीतभर टाका पडला होता आणि दोन महिने ती मासळीबाजारातल्या आपल्या जागेवर बसू शकली नव्हती. आता पुन्हा कावीळ झाली, म्हणून चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून नळीचं तोंड मोठं केलं, आतून तारेची बारीक जाळी टाकली. पण खडा जाळीपेक्षा मोठा. जाळी त्याच्यावरून घसरून रिकामीच परत आली. शेवटी पित्त तुंबू नये म्हणून एक पातळ नळी आत ठेवून ती नाकातून बाहेर काढली होती आणि तिचं टोक खाटेला टांगलेल्या बाटलीत सोडलं होतं. बाटलीत थेंब थेंब हिरवट पिवळं पित्त जमायचं. कावीळ उतरत होती, खडा मात्र जागच्या जागी.

"जाल्यात दगड आला तर आमी जालं फाडत नाय," चंद्रभागा डॉक्टरांना समजावत होती. "पान्यातल्या पान्यात दगडच फोडतो."

"तेच करायचं आहे, आजी," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "लेसरने. सोमवारी मशीन मुंबईहून येतंय, एका दिवसापुरतं. दुपारी दोनला परत जाणार. तुमचा नंबर सकाळी नऊचा."

मग त्यांनी हाताने दाखवत सांगितलं, की तोंडातून जाते ती मोठी दुर्बीण, तिला आम्ही आई म्हणतो. तिच्या पोटातून एक बारीकशी दुर्बीण निघते, ते बाळ. बाळ नळीत शिरतं आणि खड्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहतं. त्याच्याजवळ केसासारखी तार असते, तिच्यातून प्रकाशाचे टोले पडतात, टिक टिक टिक. नळीला धक्का नाही, खडा तेवढा फुटतो. या कामाला दोन डॉक्टर लागतात, एक आईला सांभाळायला आणि एक बाळाला.

"दोघंच?" चंद्रभागा म्हणाली. "आमच्या घरात येका बालाला पाच मानसं पुरत नाय."

हेमाला हसू आवरेना. तिची तीन वर्षांची जनी या घटकेला कोळीवाड्यातल्या घरी आत्याच्या नाकी नऊ आणत असणार, हे तिला दिसतच होतं.

"आणि नाहीच फुटला तर?" हेमाने हळूच विचारलं.

"तर पोट उघडावं लागेल. दीड महिना विश्रांती."

चंद्रभागेने बोटांवर दिवस मोजले. कारण बावीस तारखेला तिच्या धाकट्या लेकीचं, वासंतीचं लग्न होतं, दिवा गावच्या दौलतशी. एकवीसला हळद. आणि चंद्रभागा नुसती नवरीची आई नव्हती, ती कोळीवाड्याची धवलारीण होती. लग्न लावायला भटजी येतो ते खरं, पण हळदीला धवलारीण बसून धवला गायल्याशिवाय तिथे हळद लागत नाही. कोणाचं नाव आधी घ्यायचं, कोणत्या देवाला आवतण द्यायचं, नवरीला कुठल्या ओळीवर हळद लावायची, हे सगळं त्या गाण्यात असतं आणि गाणं धवलारणीच्या डोक्यात. चंद्रभागेने तीस वर्षांत कोळीवाड्यातल्या किती पोरींना हळद लावली त्याची मोजदाद नव्हती. आता स्वतःच्या लेकीची पाळी आली, तर ती पोटाला टाके घालून खाटेवर पडून राहणार?

डॉक्टर गेल्यावर ती हेमाला म्हणाली, "पोरी, कोनीतरी शिकाया पायजे. बायका मागून वढतात, पन गान्याची पुढची वल येकीला येत नाय. वासंती सोताच्या हलदीला कशी गाईल? तू शीक."

हेमा हातातला एक्स-रे उगाच पाकिटात घालत राहिली. ती डोंबिवलीची. वडील कारकून, मूळ गाव रत्नागिरीकडे. गोपीनाथशी तिचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी एकच अट घातली होती, लग्न डोंबिवलीत हॉलमध्ये, दोन तासांत. ते हळदीबिळदीचं, गाण्यांचं काही नको. चंद्रभागा त्या दिवशी हिरवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली, गुलाबजाम जेवली आणि तोंडातून सूर काढला नाही. कोणीतरी विचारलं तर म्हणाली, "धवल्याला मांडव लागतो, पंखा नाय." त्यानंतर चार वर्षांत सासूसुनेत भांडण असं कधी झालं नाही. पण शेजारी कुठे हळद असली की हेमा जनीला मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसायची आणि बायका सुरात सूर मिळवायच्या तेव्हा ओठ मिटून ऐकायची. आपण इथल्या खऱ्या आहोत की पाहुण्या, हे तिला त्याच वेळी कळेनासं व्हायचं.

"मी वही आणते," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"अगं पन सांगू कशी? लगीन नसताना धवला तोंडाभायेर काढायचा नाय. आमच्यात चालत नाय."

ही पंचाईत झाली. शेजारच्या खाटेवरच्या विमलाबाईंनी कान टवकारले. त्या कल्याणच्या, निवृत्त शिक्षिका, पित्ताशय काढून दोन दिवस झालेले आणि वेळ जाता जात नव्हता.

"अहो चंद्रभागाबाई, त्यात काय एवढं? लग्न लावू आपण. तुमच्या नातीची बाहुली आहे ना? मी बँडेजचा नवरा करून देते. सिस्टर देतील एक गुंडाळी."

"बावलीचं लगीन खोटं. देवाला आवतन देऊन आनायचं, आनि हितं बँडेज बसलेला?"

विमलाबाई हिरमुसल्या. चंद्रभागा छताकडे बघत पडली. नाकातल्या नळीवरून तिची दोन बोटं सावकाश फिरत होती, विचार करताना ती जाळ्याचा धागा चाचपायची तशी. मग ती एकदम हेमाकडे वळली.

"तुजं राह्यलंय की."

"माझं काय?"

"लगीन. हलद कुठं लागली तुना? नुसती आंगठी आनि फोटू. ते अर्धंच राह्यलंय. मना चार वर्सं खुपतंय ते, आज सापडलं. रईवारी गोपीनाथाला बोलव, तुमची हलद लावू. लगीन खरं, नवरानवरी खरी, धवला खरा. आनि गाता गाता तू शीक."

"आई, मला तीन वर्षांची मुलगी आहे!"

"मग काय झालं? करवली घरचीच मिलाली."

रविवारी चार ते सहा भेटायची वेळ. गोपीनाथ वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून आला तो थेट. प्रकार कळल्यावर दारातच थबकला. "आये, येडी झालीस काय? मी आत्ता ग्रीस पुसून आलेलो आहे. लोक काय म्हणतील?"

"लोकांना हळद मिळेल," विमलाबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. लाजायचं काम नवरीचं."

वासंतीने स्वतःच्या लग्नासाठी कुटलेली हळद डबीत भरून तेलात कालवून आणली होती. कोळीवाड्यातून चंद्रभागेची मैत्रीण रंगूबाई आली, येताना पदराखाली आंब्याची डहाळी लपवून. ती सलाईनच्या स्टँडला बांधली आणि मांडव झाला. हेमा खाटेच्या कडेला बसली, शेजारी गोपीनाथ, मान खाली घालून. पलीकडच्या खाटांवरच्या बायका उठून टेकून बसल्या. सिस्टर ओरडायला म्हणून आल्या आणि डहाळी बघून दारातच उभ्या राहिल्या, "दहा मिनिटं हां. आणि हळू."

चंद्रभागेने डोळे मिटले. नळीमुळे घसा खरखरत होता, आवाज नेहमीसारखा मोठा लागत नव्हता. पण लागला.

*सोन्याची गो वाटी, वाटीत हलद दाटली,*
*हेमा नवरी बैसली, खाडी भरतीला आली.*

स्वतःचं नाव त्या सुरात ऐकून हेमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने किती नवऱ्या मुलींची नावं तिथे ऐकली होती! तिथे आपलंही बसतं, इतकं सहज, हे तिला माहीतच नव्हतं. रंगूबाईने, विमलाबाईंनी, मग सिस्टरनेसुद्धा एकेक बोट हळद तिच्या गालांना लावली. हेमा डोळे पुसत होती आणि मागून ओळी म्हणत होती, एक चुकली की सासू भुवई उचलायची, की ती पुन्हा म्हणायची. वही उशीजवळ कोरीच राहिली.

जनीला मात्र ओळींशी देणंघेणं नव्हतं. डबी हाताशी आल्याबरोबर तिने बापाचं नाक माखलं, मग बाहुलीचं डोकं, आणि मग आजीच्या खाटेवर चढून आजीलाच धरलं. गाल, कपाळ, गळा, दोन्ही हात कोपरापर्यंत.

"अगं अगं, कावीळवाल्या माणसाला हळद लावतात का?" विमलाबाई ओरडल्या.

"लावू द्या," चंद्रभागा ओळ संपवून मान हलवत म्हणाली. "काविलीनं पिवली केली ती मना इचारून नाय केली. नात तरी मायेनं करतेय."

सहा वाजता सगळे पांगले. हेमाने ओल्या फडक्याने सासूला पुसून काढायचा प्रयत्न केला. पण तेलातली हळद ती. ठिपके गेले, रंग गेला नाही. उलट पुसून पुसून तो अंगभर सारखा पसरला. "ऱ्हाऊ दे," चंद्रभागा जांभई देत म्हणाली. "हलद घासून काढायची नसते. आपआपनच उतरते."

सोमवारी सकाळी आठला हेमा वॉर्डात शिरली तर चंद्रभागेच्या खाटेभोवती ही धावपळ. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं, ती घोरत होती. धाकटे डॉक्टर बाटलीतलं पित्त वर धरून बघत होते.

"तुम्ही यांच्या कोण? सून? आज काही व्हायचं नाही. कावीळ रातोरात वाढलीय, बघा ना, हातपाय पिवळेधमक. नळी आत चोंदली असणार. मी रक्त पाठवलंय, रिपोर्ट दुपारी एकपर्यंत येईल. तोवर सरांना सांगून दुसरी केस घेतो."

"एकला रिपोर्ट? आणि मशीन?"

"मशीन दोनला जाणार. पुढच्या वेळी बघू, महिन्या दोन महिन्यांनी. नाहीतर सर्जनना दाखवू."

सर्जन म्हणजे पोटावर टाका. टाका म्हणजे वासंतीची हळद मुकी. आणि हे सगळं कशामुळे, तर कालच्या वाटीभर हळदीमुळे. खरं सांगावं तर सिस्टरची नोकरी धोक्यात येते, आणि वॉर्डात लग्न लावलं हे कुठल्या तोंडाने सांगायचं? हेमाने विमलाबाईंकडे बघितलं. त्यांनी पांघरूण नाकापर्यंत ओढून घेतलं होतं, वर्गात खोडी पकडली गेल्यावर पोरं करतात तसं.

"डॉक्टर," हेमा म्हणाली, "ती कावीळ नाही. ती... हळद आहे."

"काय?"

"काल माझं लग्न होतं."

धाकट्या डॉक्टरांनी तिच्या गळ्यातल्या जुन्या मंगळसूत्राकडे बघितलं. "बाई, तुम्ही जरा बाहेर बसा. पाणी घ्या."

"नाही, खरंच!" हेमाने केस मागे सारून कान पुढे केला. गाल तिने बेसनाने घासले होते, पण कानामागे पिवळा पट्टा तसाच होता. "हे बघा. माझ्या मुलीचे हात बघायला हवेत तुम्ही. नवऱ्याचं नाक बघायला हवं. तो तसाच कामावर गेलाय."

"म्हणजे सगळ्या घरालाच कावीळ?" धाकटे डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात मुंबईचे डॉक्टर आले. हेमाने सगळं एका दमात सांगून टाकलं, धवला, राहिलेलं लग्न, आंब्याची डहाळी, जनी. सिस्टरचं नाव तेवढं गाळलं. मुंबईच्या डॉक्टरांचा चेहरा काही कळत नव्हता. त्यांनी वाकून चंद्रभागेची पापणी वर केली, उजेडात बघितली. "डोळ्याचा पांढरा भाग पांढराच आहे. परवापेक्षा बरा." मग कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिच्या कोपरावर घासला आणि सगळ्यांसमोर धरला. बोळा पिवळाजर्द. कोपरावर मात्र सावळ्या कातडीचं एक स्वच्छ वर्तुळ.

"माझ्या रिपोर्टला एक वाजत नाही," ते धाकट्या डॉक्टरांना म्हणाले. "कावीळ डोळ्यात बघायची असते रे, कोपरावर नाही. चला, घ्या यांना." आणि जाता जाता हेमाकडे वळून, "बाई, पुढचं लग्न घरी करा."

पांघरुणाखालून विमलाबाईंचा सुटलेला श्वास अख्ख्या वॉर्डाने ऐकला.

हेमा दाराबाहेर बाकावर बसली. आतून काही ऐकू येत नव्हतं, मग येऊ लागलं. टिक टिक टिक. गॅस पेटवायच्या लायटरसारखा बारीक आवाज. मध्येच थांबायचा, डॉक्टरांचं "थोडं पुढे, बाळ पुढे घे" असं काहीतरी, पुन्हा टिक टिक. तिच्या डोळ्यांपुढे ती दुर्बीण येत होती. आईच्या पोटातून निघालेलं बाळ, अंधारात एकटंच पुढे गेलेलं, पण मागून आईने धरून ठेवलेलं. तिला जनीची पहिली पावलं आठवली, आपले हात तिच्या काखेत होते ते. मग आवाज बराच वेळ थांबला. हेमा उठून उभी राहिली. बसली. नकळत ओठांशी ओळ आली आणि तिने ती दाबून टाकली. आत्ता कुणाचं लग्न नव्हतं. मग तिला आठवलं, की स्वतःची हळद अजून कानामागे आहे. तिने बिनदिक्कत गुणगुणायला सुरुवात केली.

दीड तासाने दार उघडलं. मुंबईच्या डॉक्टरांच्या हातात छोटी काचेची बाटली होती, तळाशी पाणी आणि त्यात तपकिरी तुकडे.

"ही तुमची रोठा सुपारी. कातरून दिली. बाकीचा चुरा पोटातून आपोआप जाईल. नळी मोकळी झाली."

हेमाने बाटली उजेडाकडे धरून बघितली. "आणि घसा?" तिने विचारलं.

"घसा? दोनदा दुर्बीण, वर नाकातली नळी. बसेल जरा. आठ दिवस अजिबात बोलायचं नाही म्हणावं."

हे औषध सगळ्यांत कडू निघालं, पण चंद्रभागेला नव्हे, घराला. तिसऱ्या दिवशी नळी काढून ती घरी आली ती बोटांनी हुकूम सोडत. एक टाळी म्हणजे पाणी, दोन टाळ्या म्हणजे जनीला आवर, आणि जमिनीवर पाय आपटला म्हणजे सगळ्यांनीच आपापलं चुकलेलं शोधायचं. तिचा नवरा गोमाजी दोन दिवस सुखात जाळी विणत बसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, "डाक्तरला इचार रे, थोडं बोललं तर चालंल काय. मना घर वलखीचं वाटत नाय."

एकवीस तारखेला संध्याकाळी अंगणात मांडव भरला. वासंती पाटावर बसली. डोंबिवलीहून हेमाचे वडील आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, कडेच्या खुर्चीवर. चंद्रभागा हिरवं लुगडं नेसून पुढे बसली, मांडव शांत झाला आणि तिने सूर लावला.

*सोन्याची गो वाटी, वाटीत हलद दाटली...*

आवाज आला तो भाताच्या पेजेसारखा, जाड आणि घोगरा, पण आला. देवांची आवतणं झाली, कुळाची नावं झाली, बायका मागून ओढत होत्या. मग नवरीच्या ओळीपाशी, जिथे सूर वर चढतो, तिथे तो तुटला. चंद्रभागेने पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तिचा हात हळदीच्या वाटीवर तसाच थांबला. मांडवातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुढची ओळ कुणालाच येत नव्हती.

मागच्या रांगेत हेमा उभी होती, जनी कडेवर पेंगुळलेली. ती पुढे कधी आली तिलाही कळलं नाही. तिने तोंड उघडलं आणि चढ्या सुरात, स्वच्छ आवाजात म्हटलं,

*हेमा नवरी बैसली, खाडी भरतीला आली.*

मग रंगूबाईच्या हसण्याने मांडव फुटला. वासंती पाटावर हसता हसता वाकली, गोपीनाथ कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, किती वेळा हळद लावून घेशील?" हेमा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. तिच्या जिभेवर ती ओळ त्याच नावाने बसली होती, तिला तशीच शिकवली होती.

चंद्रभागेला हसू येत होतं पण आवाज फुटत नव्हता. तिने हेमाचा हात धरून तिला आपल्या शेजारी, पुढच्या पाटावर बसवलं. हळदीची वाटी तिच्या मांडीवर ठेवली.

"पुन्यांदा घे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "या टायमाला नाव बराबर."

हेमाने घेतली. वासंतीचं नाव चालीत बसवायला जरा ओढावं लागलं, बायकांनी मागून आधार दिला, आणि बसलं. ओळीवर ओळ येत गेली, चंद्रभागा शेजारी बसून नुसती भुवई उचलायची आणि खाली घ्यायची. जनीची झोप उडाली ती हळदीच्या वासाने. ती आईच्या कुशीतून निसटली, दोन्ही मुठी वाटीत बुडवल्या आणि मांडवात कोण कोरडं राहिलंय ते शोधत निघाली. कडेच्या खुर्चीवर तिला पांढरा शर्ट दिसला.

"आजोबा, वाका," ती म्हणाली.

हेमाने सूर न तोडता मान वळवली. वडिलांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा शर्टाकडे. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाकले.